नववी चिठ्ठी

"एकच ओळ लिहून द्या सिस्टर. 'ती बाई म्हंजे राजश्री न्हवं.' बास. खाली तुमची सही आन् कंपनीचा शिक्का. जास्त काय मागत न्हाई मी."

राजश्रीचे वडील माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर टेकले होते. पोवार आबा. उभा जन्म बसमध्ये कंडक्टरकी केलेला माणूस. उभं राहायची सवय इतकी की स्टुलावरही अर्धेच बसलेले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली आणि ती पुन्हा पुन्हा सरळ करत होते.

"आबा, मला तसं लिहून देता येत नाही."

"का? खरं न्हाई का त्ये?"

खरंच होतं ते. माझ्या उजव्या हाताला लोखंडी कपाट होतं, त्यात एक हिरवी फाईल, फाईलमध्ये एक नाव, आणि ते नाव राजश्रीचं नव्हतं. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. पण "खरं आहे" एवढे दोन शब्द बोलायचीही मला मुभा नव्हती.

"नियम आहे," मी म्हटलं.

"नियम." त्यांनी टोपी पुन्हा सरळ केली. "मी बी तीस वर्सं नियमानंच तिकिटं फाडली की वो. पर नियमानं कुनाच्या पोरीचं लगीन मोडल्यालं आयकलं न्हवतं. मुरगूडच्या पावन्यांनी निरोप धाडलाय, कंपनीकडनं लिहून आना, मगच पत्रिका छापू. अक्षयतृतीयेची तारीख हाय सिस्टर. काय सांगू मी त्यास्नी?"

मी त्यांना पाणी दिलं. नर्सिंगच्या शाळेत पहिल्याच वर्षी शिकवतात, काही सुचलं नाही तर माणसाला पाणी द्यावं. ते प्यायले, टोपी घातली आणि निघून गेले.

ही वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी सुवार्ता चोपडे. मिरजेला नर्सिंग शिकले आणि सरकारी दवाखान्यातल्या रात्रपाळ्यांना कंटाळून गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या प्रथमोपचार खोलीत नोकरीला लागले. पंपाच्या मोटारी बनायच्या तिथे. कामगार चारशे, त्यात बायका नऊ. त्या नऊही जणी वाइंडिंगला, म्हणजे मोटारीत बसणारी तांब्याच्या तारेची वेटोळी गुंडाळायला. बारीक बोटांचं काम. माझं काम पट्ट्या बांधायचं, मंगळवारी आणि शुक्रवारी येणाऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली उभं राहायचं आणि अपघातांचं रजिस्टर लिहायचं. त्या रजिस्टरचा मला गर्व होता. माझे वडील शाळामास्तर. त्यांनी छडीच्या जोरावर माझं अक्षर घडवलेलं. साहेब लोक माझं रजिस्टर पाहुण्यांना दाखवायचे, तेव्हा मी शेजारी उगाच कापूस नीट करत उभी राहायची.

आमच्याकडे एक रिवाज होता. दर एक फेब्रुवारीला मागच्या वर्षातल्या सगळ्या अपघातांचा तक्ता कॅन्टीनच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत लावायचा. कुणाला, कुठे, काय लागलं, किती दिवस घरी. हेतू चांगला, लोकांनी शिकावं. लोक काय शिकायचे ते सांगते. एका वर्षी फाउंड्रीतल्या एका माणसाला नको त्या जागी भाजलं होतं. मी ते नावानिशी, सुवाच्य अक्षरात लिहिलं. मग त्याला असं काही टोपणनाव पडलं की बिचारा तीन महिन्यांत नोकरी सोडून गेला.

म्हणून पुढे अमेरिकेतलं गिऱ्हाईक मिळालं आणि त्यांचे नियम शिकवायला पुण्याहून एक बाई आल्या, तेव्हा मी पहिल्या बाकावर जाऊन बसले. बाई म्हणाल्या, काही इजा अशा असतात की तिथे माणसाचं नाव लिहायचं नाही. नावाच्या रकान्यात 'गोपनीय' लिहायचं. खरं नाव वेगळ्या यादीत, यादी कुलपात. मला इतकं बरं वाटलं! आणखी एक नियम त्यांनी सांगितला. कामावर न आलेले दिवस लिहिताना डॉक्टरांनी जितके दिवस विश्रांती सांगितली तितके लिहायचे. माणूस दुसऱ्याच दिवशी कामावर हजर झाला तरीही. मी वहीत तो नियम लिहून घेतला आणि खाली पट्टीने रेघ मारली. त्या रेघेने पुढे काय केलं ते आता ऐका.

अठरा नोव्हेंबर, मंगळवार. दुपारचा चहा नुकताच झाला होता. मालन आत आली.

"सिस्टर, दार लावा."

मालन वाइंडिंगमधली जुनी बाई. नवरा याच कारखान्यात होता, तो आजारपणात गेला आणि त्याच्या जागी हिला घेतलेलं. पस्तिशीची, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिने पदर अंगाभोवती घट्ट आवळून धरला होता. पोलकं ओलंचिंब. तिने पदर बाजूला केला आणि मी नर्स असूनही क्षणभर दुसरीकडे बघितलं. छातीवर दातांच्या खुणा होत्या. दोन ठिकाणी रक्त आलेलं. मनगट सुजलेलं.

"कोण?"

"स्टोअरचा घोटणे. तारंचं रीळ आनाय गेल्ते." मग एवढंच म्हणाली, "रीळ घालून मारलं मी त्याला. म्हनून सुटले."

जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. डॉक्टर त्या दिवशी होतेच. त्यांनी तपासलं, मनगट बांधलं आणि चार दिवस विश्रांती लिहिली.

"चार दिवस?" डॉक्टर गेल्यावर मालन म्हणाली. "घरी सासू हाय, दीर हाय. त्यो तर टपूनच बसलाय. म्हनतो, घराण्याची बाई कारखान्यात जाती, नाक कापती. ह्यातलं एक अक्षर त्याच्या कानावर गेलं तर नोकरी बंद, पोरी ठिवून घेतील आन् मला माहेरी धाडतील. सिस्टर, तुमच्या पाया पडते, हे कुनाला कळू देऊ नका."

"नाही कळणार," मी म्हटलं. "आता तसा नियमच आहे."

दुसऱ्या दिवशी आठच्या ठोक्याला मालन मशीनवर होती. मनगट पदराखाली.

मी मॅनेजर पेंढरकरांना भेटले. नाव न घेता घडलेलं सांगितलं, घोटण्याचं नाव मात्र घेतलं. "लेखी तक्रार आहे?" त्यांनी विचारलं. नव्हती. मग त्यांनी घोटण्याला केबिनमध्ये बोलावून समज दिली. समज देताना आत दोन चहा गेले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मग मी नोंद केली. नाव: गोपनीय. विभाग: वाइंडिंग. इजा: वरच्या अंगाला, दुसऱ्या व्यक्तीकडून. दिवस: चार. नियमात जे जे होतं ते सगळं केलं. नाव हिरव्या फाईलमध्ये, फाईल कपाटात, किल्ली कमरेला. जानेवारीत पुण्याच्या बाई तपासणीला आल्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सिस्टर, अशी नोंद मी कुठेच पाहिली नाही." मी आठवडाभर त्या हाताचं वजन खांद्यावर घेऊन फिरत होते.

एक फेब्रुवारीला तक्ता लागला. एकतीस ओळी होत्या. तीस ओळींकडे कुणी ढुंकून बघितलं नाही.

'गोपनीय' हा शब्द आमच्या कॅन्टीनच्या भिंतीवर त्याआधी कधी लागला नव्हता. उघडं ताट कुणी बघत नाही, झाकलेलं म्हटलं की सगळे झाकण उचलायला धावतात. नाव दडवलं, पण बाकी सगळं मीच तर मांडून ठेवलं होतं. वाइंडिंग म्हणजे बाई. बाई म्हणजे नऊपैकी एक. 'दुसऱ्या व्यक्तीकडून' म्हणजे काय ते कळायला शाळेत जावं लागत नाही. मी चहाच्या रांगेत उभी होते, तेव्हा काचेवर बोट ठेवून पहिला बोलला तो घोटणे.

"चार दिवस लिहिलंय," तो म्हणाला. "नोव्हेंबरात वाइंडिंगला चार दिवस कोण नव्हतं, बघा की आठवून."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. बायकांच्या रजा त्याला ठाऊक असायच्या, तारेची रिळं त्याच्याकडूनच जायची. आणि एकोणीस ते बावीस नोव्हेंबर राजश्री पोवार गारगोटीला आत्येबहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. बरोबर चार दिवस.

मी काय बोलणार होते? 'ती नव्हे' म्हटलं तर 'मग कोण?' 'तू केलंस' म्हटलं तर 'कुणाला?' पुण्याच्या बाईंच्या तक्त्यात बारा रकाने होते. लागलं कुणाला, कुठे, कसं, किती दिवस. ज्याने केलं त्याच्यासाठी एकही रकाना नव्हता.

राजश्री तेवीस वर्षांची. वाइंडिंगमध्ये सगळ्यात वेगवान हात आणि त्याहून वेगवान तोंड. कोल्हापूरकडच्या पोरी बोलतात तशी 'मी आलो, मी गेलो' असं पुरुषी थाटात बोलायची. वॉचमनपासून साहेबापर्यंत सगळ्यांची थट्टा करायची, डब्यातली शेंगदाण्याची चटणी अख्ख्या टेबलाला वाढायची. ती हसली की माझ्या खोलीपर्यंत ऐकू यायचं. अशा पोरीबद्दल लोकांचं मत आधीच तयार असतं, फक्त निमित्त हवं असतं. ते निमित्त मी दिलं, सुवाच्य अक्षरात.

आठ दिवसांत ते मुरगूडला पोचलं आणि आबा माझ्या स्टुलावर येऊन बसले.

ते गेल्यावर मी तडक पेंढरकरांकडे गेले. "साहेब, तो तक्ता काढा."

"कसा काढू? तीन महिने लावायचाच असतो. मार्चमध्ये ऑडिट आहे."

"मग मला पोवारांना लिहून द्यायची परवानगी द्या."

पेंढरकरांनी चष्मा काढला. वाईट माणूस नव्हता तो. खुर्चीतला माणूस होता. "सिस्टर, एकीला लिहून दिलंत तर उद्या उरलेल्या येतील. आठ जणींना 'तू नव्हेस' असं दिलंत, की नववी कोण ते सांगायची गरज राहील का?"

आयुष्यात एकदा तो माणूस बरोबर बोलला आणि तेही नेमकं तेव्हा.

उरलेल्या आल्याच. कुणाचा नवरा विचारत होता, कुणाचा भाऊ. तांबोळ्यांच्या रेहानाला सासऱ्यांनी सांगितलं होतं, कागद आणला नाहीस तर सोमवारपासून घरी बस. "आमी काय केलंय सिस्टर?" त्या म्हणायच्या. "तुमच्या त्या एका शबुदापायी नऊ घरं पेटलीत." गुरुवारपर्यंत सात जणी येऊन गेल्या. राजश्री आली नाही. शुक्रवारी मालन आली.

"मला बी चिठ्ठी द्या," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता. "सगळ्या मागायल्यात. मी न्हाई मागितली तर..."

मी दार लावून घेतलं. ती स्टुलावर बसली नाही, भिंतीला टेकून उभी राहिली.

"चारदा ठरवलं सिस्टर. उद्या सांगून टाकायचं. त्या पोरीचं लगीन मोडायलंय माझ्यापायी. सकाळी घरातनं निगताना ठरवते आन् गेटपाशी आले की थोरलीचं तोंड डोळ्यासमोर येतं. धाव्वीला हाय. मार्चात पेपर हाईत तिचं." तिने पदराचं टोक तोंडात कोंबलं. मग ते काढून म्हणाली, "ती पोरगी माझ्याकडं बगून हसती सिस्टर. आज चटणी वाढली मला, सगळ्यांच्या आदी. मला घास उतरंना."

मी तिला सांग म्हणाले नाही आणि नको सांगू असंही म्हणाले नाही. एक बाई उद्ध्वस्त व्हायला हवी होती आणि ती कोण ते ठरवायची किल्ली माझ्या कमरेला होती. मला ती किल्ली पंचगंगेत फेकून द्यावीशी वाटली. तेवढ्यात भोंगा झाला आणि मालन मशीनवर गेली.

रविवारी मी चर्चला गेले खरी, पण प्रार्थनेला शब्द सुचेनात. घरी येऊन टेबलाशी बसले आणि माझ्या खोलीच्या लेटरपॅडवर नऊ चिठ्ठ्या लिहिल्या.

'दि. १८ नोव्हेंबरच्या गोपनीय नोंदीशी वाइंडिंग विभागातील अमुक यांचा कोणताही संबंध नाही, असे प्रमाणित करते.' खाली सही.

आठ खऱ्या, एक खोटी. मालनची मी मधेच कुठेतरी लिहिली, पाचवी की सहावी, म्हणजे हात थरथरला तरी कळू नये. जन्मात पहिल्यांदा कागदावर खोटं लिहिलं, पण अक्षर जराही हललं नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली. नोकरी गेली तर जाऊ दे म्हटलं. नऊही जणींच्या हातात कागद पडला की कुणी कुणाकडे बोट दाखवणार नाही, असा माझा हिशेब. शहाणपण मिरवायची खोड काही केल्या जात नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी वाटायला घेतल्या. बायका ओळीने आल्या. कुणी डोळ्याला लावून घेतली, कुणी पोलक्यात खोचली. रेहाना तर रडली. मालनने घेतली आणि न वाचताच घडी घातली. आठ गेल्या. टेबलावर एक उरली. मी राजश्रीला बोलावणं पाठवलं.

ती आली, दारातच उभी राहिली.

"घे गं. आबांना दे आणि आजच मुरगूडला पाठव म्हणावं."

"मला नको सिस्टर."

"नको म्हणजे?"

"नको म्हंजे नको. बायकोसाठी कागद मागणारा न्हवरा घिऊन काय करू मी?" हसली नेहमीसारखी. "उद्या पोरगं झालं की त्याचा बी कागद मागंल."

मी चिडले. इतके दिवस मी झोपले नव्हते, धर्म बुडवला होता आणि या पोरीला थट्टा सुचत होती. "राजश्री, सगळ्यांनी घेतल्यात. तू एकटी घेतली नाहीस तर लोक काय म्हणतील, कळतंय का तुला?"

"कळतंय की."

"मग मी आबांना नेऊन देते."

तेव्हा मात्र तिचं हसू गेलं. ती आत आली, टेबलावर दोन्ही हात टेकले आणि हळू आवाजात म्हणाली, "आबांना दिलीसा तर मी सगळ्यांच्या म्होरं सांगतो, सिस्टरनी माझी कीव येऊन खोटं लिहून दिलं म्हणून. सांगीन हां. माझ्या गळ्याची आण."

आणि गेली. तिच्या पाठीकडे बघत मी म्हटलं, मर मग. होय, असंच म्हटलं मनात. हट्टी कार्टी. बापाच्या जिवाला घोर लावणारी. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणाऱ्याला कोण वाचवणार?

दोन दिवसांत सगळीकडे झालं. आठ जणींनी चिठ्ठी घेतली, पोवारांच्या पोरीनं न्हाई. म्हणजे ठरलंच. आश्चर्य असं की त्यानंतर कॅन्टीनमध्ये सगळं एकदम शांत झालं. तक्त्यासमोरची गर्दी हटली. लोकांना उत्तर मिळालं होतं. गडबड मिटली म्हणून पेंढरकरांनीही मला चिठ्ठ्यांचा जाब विचारला नाही. मुरगूडच्या पाहुण्यांनी सुपारी परत पाठवली. राजश्रीने मार्चच्या पहिल्या आठवड्यात काम सोडलं. शेवटच्या दिवशी आबा तिला न्यायला गेटवर आले होते. मला वाटलं चार शिव्या देतील. त्यांनी मला हात जोडून नमस्कार केला. शिव्या परवडल्या असत्या.

मालनची थोरली दहावी पास झाली. मालनने मला पेढा आणून दिला. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता तो खाल्ला. घोटणे पुढे सहा वर्षांनी रिटायर झाला. शाल, नारळ, पेंढरकरांचं भाषण, सगळं झालं. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. एवढाच माझा पराक्रम.

निवृत्तीनंतर मी गडहिंग्लजला बहिणीच्या शेजारी राहायला आले. चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात पंखा जळला. बस स्टँडच्या मागे एक बाई चांगलं काम करते, असं बहीण म्हणाली. 'पोवार मोटार रिवायंडिंग'. आत एक चष्मेवाली बाई स्टुलावर बसून तारेचं वेटोळं गुंडाळत होती. बोटांचा वेग बघितला आणि मी पंखा हातातच धरून उभी राहिले.

"बसा की सिस्टर," ती वर न बघता म्हणाली. "मगाशीच ओळखलं मी."

केसांत पांढऱ्या बटा आल्या होत्या. गळ्यात काही नव्हतं आणि बोर्डावर आडनाव बापाचंच होतं, म्हणजे मी काही विचारायची गरज नव्हती. आबा ते लग्न मोडलं त्याच वर्षी दिवाळीच्या आत गेले, असं तिनेच सांगितलं. तिने चहा मागवला. इकडचं तिकडचं झालं. शेवटी माझ्याच्याने राहवेना.

"त्या दिवशी चिठ्ठी का नाही घेतलीस गं? इतका कसला अभिमान?"

"अभिमान कुटला वो," तिने तार दाताने तोडली. "नऊ बायका आन् नऊ चिठ्ठ्या झाल्या असत्या न्हवं? मग लोक म्हणली असती, सिस्टरनं खोटं लिहिलंय. परत पयल्यापासनं मोजाय बसली असती. आन् ह्या बारीला त्यांनी आधी कुणाकडं बघितलं असतं? जिच्या कपाळाला कुंकू न्हाई तिच्याकडंच न्हवं?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"तुला माहीत होतं?"

"त्या दिवशी नळावर मीच होतो. मालनकाकीचं पोलकं मीच धुऊन, पिळून दिलं. तुमच्याकडं जावा म्हणून मीच धाडलं त्यास्नी." तिने पंख्याची पाती उलटीसुलटी करून बघितली. "दुसऱ्या दिशी मी गारगोटीला गेलो. ते चार दिवस तेवढं नडलं बघा."

"ते चार दिवस मी लिहिले होते राजश्री. मालन एक दिवसही घरी राहिली नव्हती."

"ठावं हाय," ती म्हणाली. "नियम असंल काय तरी."

इतक्या वर्षांत माझं हिरव्या फाईलचं कौतुक कमी झालं नव्हतं. नाव राखलं मी, असं मी स्वतःला सांगत आले होते. नाव राखलं होतं या पोरीने, कुलूप नाही की किल्ली नाही. आणि मी तिला मर म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी पंखा न्यायला गेले तेव्हा ती चिठ्ठी बरोबर नेली. इतकी वर्षं मी ती जपून ठेवली होती, का ते मलाही ठाऊक नाही. पुढे केली. तिने चष्म्याच्या वरून बघितलं, हात लावला नाही.

"मालनकाकी हाईत न्हवं अजून?"

"आहे. थोरलीकडे असते, इचलकरंजीला."

"मग ऱ्हाऊ दे कुलपातच."

मालन यंदाच्या संक्रांतीनंतर गेली. थोरल्या मुलीने फोन केला, शेवटी आई तुमचं आणि कुणा राजश्रीचं नाव घेत होती म्हणाली. म्हणूनच हे सगळं आज सांगता येतंय. तेरावं झाल्यावर मी दुकानात गेले आणि चिठ्ठी राजश्रीच्या हातात दिली. तिने ती उजेडाकडे धरून सावकाश वाचली, दोनदा.

"अक्षर लई देखणं हाय तुमचं," ती म्हणाली. मग चिठ्ठीची घडी घालता घालता माझ्याकडे बघून तिने विचारलं, "पण सिस्टर, आता ही दाखवू कुणाला?"